ओठावरचा फोड आणि वीतभर माकड

माकड चावलं की आपण काळजी करतो ती आपली. आपल्यापासून माकडाला काय होतं, हे कुणी विचारत नाही. सध्या मोबाईलवर मार्मोसेट नावाच्या वीतभर माकडांचे व्हिडिओ फिरतायत. कुणी त्याला तोंडातला घास भरवतंय, कुणी मुका घेतंय, आणि खाली कमेंटमध्ये विचारणा, 'केवढ्याला मिळतं?' म्हणून हा थोडा इतिहास.

साल 1932. न्यूयॉर्कमध्ये पोलिओवर काम करणारे तरुण डॉक्टर विल्यम ब्रेबनर यांना ऱ्हीसस माकड चावलं. ऱ्हीसस म्हणजे आपल्या उत्तर भारतातलं लालतोंडं माकड. जखम किरकोळ होती. पण आजार मज्जारज्जू आणि मेंदूपर्यंत गेला आणि काही दिवसांतच ते वारले. अल्बर्ट सेबिन यांनी त्यातून विषाणू वेगळा केला. ब्रेबनर यांच्या आद्याक्षरावरून त्याचं नाव पडलं 'बी' विषाणू. हेच सेबिन पुढे तोंडाने द्यायच्या पोलिओ लशीचे जनक झाले.

हा बी विषाणू हर्पिसच्या घराण्यातला. लालतोंड्या माकडाला त्याचा विशेष त्रास होत नाही, फार तर तोंडात फोड येतात. माणसाला मात्र तो जीवघेणा. आजवर जगात पन्नासच्या आसपास रुग्णांची नोंद आहे, पण त्यातले वीसहून जास्त दगावले.

पुढे पोलिओची लस माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर तयार होऊ लागली आणि 1950 नंतरच्या काळात भारतातून वर्षाला लाखाहून जास्त माकडं परदेशी गेली. ती लष्करी किरणोत्सर्ग प्रयोगांत वापरल्याचं उघड झालं, तेव्हा मोरारजी देसाईंच्या सरकारने 1978 साली निर्यातच बंद केली.

प्रयोगशाळांत तोवर दक्षिण अमेरिकेतली छोटी माकडंही आली होती. मार्मोसेट हे त्यातलंच, मूळ ब्राझीलचं, वजन तीनशे-चारशे ग्रॅम. इथे गोष्ट उलटी झाली. यावेळी विषाणू माणसाचा होता.

ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात ना? आपण म्हणतो कडकी बाहेर पडली. तो असतो हर्पिस सिम्प्लेक्स. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांत सुमारे दोघांच्या शरीरात तो आयुष्यभर दबा धरून असतो. आपल्याला आठवडाभर चुरचुर, बाकी काही नाही. पण मार्मोसेटच्या जिभेवर, हिरड्यांवर व्रण पडतात, लाळ गळते, खाणं सुटतं, मेंदूला सूज येते, झटके येतात, आणि बहुतेक वेळा काही दिवसांत जीव जातो. औषधाचा क्वचितच उपयोग होतो. देखभाल करणाऱ्यांकडून प्रयोगशाळेत, मालकांकडून घरात आणि माणसांच्या हातचं खाणाऱ्या शहरी माकडांत, असं ब्राझीलमध्ये वारंवार नोंदलं गेलंय. ज्या प्राण्यात विषाणू पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्याच्याशी त्याचं जमतं, परक्या घरात गेला की तो मारतो.

हे आपल्याशी कसं जोडलंय? मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत विदेशी प्राणी सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. असा जीव पैसे देऊन घेणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून तो बॅगेत कोंबला जातो. 2022 मध्ये वन्यजीव कायदा बदलला, तो 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला, आणि 2024 च्या नियमांनुसार मार्मोसेटसारख्या प्राण्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. कागद नसलेलं माकड 'स्वस्तात' घेणारा गुन्ह्यात अडकू शकतो.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी एवढं करा: ओठावर फोड असताना जवळ जाऊ नका, उष्टं देऊ नका, मुका घेऊ नका. फोड नसतानाही लाळेतून विषाणू जाऊ शकतो, म्हणून हात धुणं आणि मास्क कायमच हवा. बाकीच्यांनी घेऊच नका. घाटात, देवस्थानाजवळ लालतोंडी माकडं दिसली तरी हातातून भरवू नका. चावा, ओरखडा बसला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, रेबीजचाही धोका असतो.

आपण लाडाने ज्याचा मुका घेतो, त्याला तो महागात पडू शकतो. पटलं तर पुढे पाठवा, विशेषतः 'केवढ्याला मिळतं?' विचारणाऱ्यांना.