टायरगाडीचा साटा वर का गेला?

मोठा टायर घासू लागला की गाडी उचलायची, हा पिकअपवाल्यांचा उपाय नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, उसाच्या टायरगाडीने फार आधी वापरला आहे. जुन्या लाकडी गाडीची चाके उंच आणि साटा, म्हणजे माल ठेवायची चौकट, त्यांच्या मधे, त्यामुळे त्याची रुंदी चाकेच ठरवीत. 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले आणि ऊसवाहतुकीत लोखंडी धावेच्या चाकाची जागा हवेच्या टायरने घेतली. टायर लाकडी चाकापेक्षा बुटका, पण जाड. साटा मधेच ठेवून रुंद केला असता, तर तो टायरला घासला असता. तो टायरच्या वर नेल्यावर मोळ्यांना ऐसपैस जागा मिळाली. नुसते चाक बदलून भागले नाही, गाडीची मांडणीच बदलावी लागली.

बैलगाडीला ना स्प्रिंग ना स्टिअरिंग, मग तुलना कशी, असे कुणी म्हणेल. खरी गोम तिथेच आहे. टायरगाडीचा आख साट्याला पक्का, म्हणून उभ्या गाडीत दिसणारी फट खड्ड्यातही तेवढीच राहते. पिकअपची स्प्रिंग दबते, पुढचे चाक वळते. स्प्रिंग किती दबेल हे ठरवणारा बंप स्टॉप वाढवला नाही, चाक किती आत-बाहेर बसेल हे ठरवणारा रिमचा ऑफसेट पाहिला नाही, तर उचललेली गाडीही वळणावर घासते. शिवाय उंची फुकट मिळत नाही. टायरगाडीत तिची किंमत बैलांनी मोजली, आणि ही बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भार उंच असल्याने उतारावर तो पुढे झुकून जुवातून मानेवर येतो; चढावर मागे कलतो, तेव्हा जू वर उचलले जाते आणि जुपणी गळ्याला काचते.