सतरा सप्टेंबर : अणदूर आणि यरुशलेम

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्य अणदूरच्या रस्त्याने पुढे सरकले आणि त्याच दिवशी नळदुर्ग त्याच्या हाती आला. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. रझाकारांच्या जाचातून मराठवाडा सुटला.

नेमक्या त्याच दिवशी यरुशलेमात संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांची ज्यू अतिरेक्यांनी भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या केली. महायुद्धाच्या अखेरीस नाझी छावण्यांतून हजारो कैदी सोडवून आणणारा हा स्वीडिश गृहस्थ. त्या सुटलेल्यांत ज्यूही होते! हैदराबादचे गाऱ्हाणे आदल्याच दिवशी त्याच राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे आले होते.

आपल्याकडे मात्र ध्वजवंदनानंतर या इतिहासाचे पुढचे पान सहसा उलटले जात नाही. युद्धबंदीनंतरच्या हिंसाचारात सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घेतले. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. संस्थानभरातील मृतांचा समितीचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा. तो अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला.