विंड शिअरचे विमानातून अभिज्ञान
थोड्याच अंतरात वाऱ्याचा वेग अथवा दिशा एकाएकी बदलणे म्हणजे विंड शिअर होय. गर्जन्मेघातून पावसाबरोबर खाली येणारी थंड हवा जमिनीवर आदळून सर्व दिशांना पसरते, तेव्हा त्याचे सर्वांत घातक रूप दिसते. अशा प्रवाहात शिरणाऱ्या विमानाला प्रथम समोरचा वारा मिळून ते वर उचलले जाते; वैमानिक एंजिनाची शक्ती कमी करतो आणि काही सेकंदांतच अधोगामी झोत व पाठीमागचा वारा लागून विमान खाली खचते. उतरताना सावरण्यापुरती उंचीच उरलेली नसते.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ बोइंग ७२७ विमान कोसळून ११३ माणसे दगावली. या अपघाताच्या अभ्यासातून टेत्सुया थिओडोर फुजिता यांनी अशा झोतांची कल्पना मांडली. ती अनेक तज्ञांना पटली नाही. परंतु १९७८ मध्ये शिकागोजवळ व १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ डॉप्लर रडारांनी घेतलेल्या निरीक्षणांनी तिला दुजोरा मिळाला. तोवर बराच विलंब झाला होता : न्यू ऑर्लीन्स (१९८२) येथे १५३, तर डॅलस–फोर्टवर्थ (१९८५) येथे १३७ माणसे मरण पावली.

१९८६ मध्ये नासा व अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन यांनी संयुक्त संशोधन हाती घेतले. विमानाच्या पुढील हवेचा वेध घेण्यासाठी अवरक्त किरण, लेसर व रडार यांची परीक्षा झाली. लेसर किरण हवेतील सूक्ष्म कणांवरून परावर्तित होतात. मात्र मुसळधार पावसात ते दूरवर पोहोचत नाहीत. रडारला उलट पाऊसच उपकारक ठरतो. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या थेंबांवरून परतलेल्या तरंगांच्या कंप्रतेतील बदलावरून वाऱ्याचा वेग कळतो. अडचण होती ती जमिनीची. उतरणाऱ्या विमानाचे रडार खाली रोखलेले असल्याने इमारती व रस्त्यांवरील धावत्या मोटारी यांचे प्रतिध्वनी पावसाच्या प्रतिध्वनींत मिसळत. शलाकेचा कल व संगणकीय गाळणी यांनी ते वेगळे करण्यात आले. १९९१-९२ मध्ये ऑर्लँडो व डेन्व्हर परिसरात नासाचे बोइंग ७३७ विमान अशा झोतांतून मुद्दाम नेण्यात आले, हे धाडसच म्हटले पाहिजे.

विमानात आधीपासून असलेली उपकरणे झोतात शिरल्यानंतरच इशारा देत. जुलै १९९४ मध्ये शार्लट येथे ३७ प्रवासी दगावले, तेव्हा तोही मिळाला नाही. पंखांवरील झडपा हलत असताना उपकरणाची संवेदनशीलता कमी होई. त्याच वर्षाच्या अखेरीस पुढचा धोका आधी सांगणारे रडार प्रवासी विमानात प्रथम वापरात आले. त्याला शलाकेच्या दिशेतील वेगच थेट मोजता येतो. अधोगामी वेगाचे अनुमानच करावे लागते.