आधी जाऊन आलेला माणूस

हृदय हा शब्द आम्हा कवींना फार स्वस्तात मिळतो. काळीज म्हणा, दिल म्हणा, अंतःकरण म्हणा. आम्ही ते हवं तेव्हा मोडतो, हवं तेव्हा जोडतो, कुणाला तरी देऊनही टाकतो. प्रत्यक्षात मात्र ते मुठीएवढं, चार कप्प्यांचं यंत्र आहे आणि त्याला चार झडपा आहेत. विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना, तेच या झडपांचं काम. पाणी वर जाऊ द्यायचं, माघारी येऊ द्यायचं नाही. फूटव्हॉल्व्ह बिघडला की पंप नुसता घरघरतो. झडप बिघडली की माणूस जिना चढताना तसाच घरघरायला लागतो.

श्रोतेहो, या झडपांच्या दुरुस्तीचा इतिहास मला तुम्हाला सांगायचा आहे. तो नेहमी शल्यविशारदांच्या नावांनी सांगितला जातो, आणि ती नावं मीही घेणार आहे. पण त्याला समांतर आणखी एक इतिहास आहे. तो आहे आधी टेबलावर जाऊन आलेल्या आणि पुढच्याला धीर द्यायला थांबलेल्या रुग्णांचा.

झडप बिघडते कशी? आपल्याकडे पुष्कळदा गोष्ट घसा दुखण्यापासून सुरू होते. एका जातीच्या जंतूंमुळे लहान मुलाचा घसा येतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप भरतो, गुडघे, घोटे सुजतात, आज हा सांधा तर उद्या तो. डॉक्टर मंडळी म्हणतात की हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतो आणि ती हळूहळू जाड, आखूड, चिकट होत जाते. पाच ते पंधरा या वयाचा हा आजार. दाटीच्या, गरीब घरांत तो अधिक. पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद व्हायला वीस-तीस वर्षं लागत. आपल्याकडे मात्र ऐन किशोरवयातच ती मिटत आलेली असते, हे दिल्लीच्या डॉ. सुजॉय रॉय यांनी १९६३ साली जगापुढे मांडलं. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घेतलं तर पुढचं नुकसान बरंचसं टळतं. पण मूल हसत-खेळत असताना त्याला दर एकवीस दिवसांनी सुई टोचायला नेणं गरिबाच्या घरात अवघड होऊन बसतं.

मला हा ताप अकराव्या वर्षी विजयदुर्गात आला. सतराव्या वर्षी, १९८७ साली, मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात माझी झडप पहिल्यांदा उघडली गेली. २००९ साली ती बदलली. आता पंचावन्नाव्या वर्षी ती बदललेली झडपही झिजली आहे आणि छातीचं तेच हाड पुन्हा उघडायचं आहे. तेव्हा मी सांगतो तो इतिहास थोडासा अंगावरचाही आहे.

हृदयाला हात लावायचा नाही, असा वैद्यकाचा जुना दंडक होता. लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी १९२५ साली एका मुलीच्या हृदयात बोट घालून अरुंद झडप मोकळी केली. मुलगी वाचली. तरीही नंतर एकाही डॉक्टरने त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठवला नाही. पुढची तेवीस वर्षं तशीच गेली. मग १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांना यश आलं. त्याआधीचे त्यांचे रुग्ण दगावले होते. त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या रुग्णालयात एक जण गेला होता, आणि दुपारी त्यांनी चोवीस वर्षांच्या एका स्त्रीची झडप उघडली. आठवडाभरात तिला रेल्वेने शिकागोला नेऊन त्यांनी डॉक्टरांच्या सभेपुढे उभं केलं. नुसत्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता, जिवंत माणूस दाखवावा लागला.

बेलींच्या पाठोपाठ सहाच दिवसांनी बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हृदयातून आणि त्याच्या आसपासून बॉम्बगोळ्यांचे तुकडे काढलेला हा माणूस. पण झडपेचे त्यांचे सुरुवातीचे निम्म्याहून अधिक रुग्ण गेले. तरी ते थांबले नाहीत. याच हार्केन यांच्या चार रुग्णांनी १९५१ साली बोस्टनमध्ये एक मंडळ काढलं. नाव ठेवलं ‘मेंडेड हार्ट्स’, म्हणजे सांधलेली हृदयं. शस्त्रक्रियेतून उठलेल्याने शस्त्रक्रियेला निघालेल्याला भेटायला जायचं, एवढाच त्यांचा धर्म. ज्या झडपेवर आधुनिक हृदयशस्त्रक्रिया उभी राहिली, त्याच झडपेच्या रुग्णांनी एकमेकांचा हात धरायला सुरुवात केली, आणि तीही अवघ्या तीन वर्षांत. पुढे त्या मंडळाच्या शाखा अमेरिकाभर झाल्या. त्यांचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. भेटायला जाणाऱ्याने औषधपाण्याचा सल्ला द्यायचा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४९ साली छातीच्या शस्त्रक्रियांचा विभाग उघडला. मुंबईत परळचं केईएम रुग्णालय १९२६ पासून होतंच. भारतीय डॉक्टरांनीच ते चालवावं, या आग्रहातून उभं राहिलेलं. तिथे १९५० च्या दशकात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी अशा अरुंद झडपा उघडू लागले. फेब्रुवारी १९६८ मध्ये याच डॉ. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला, पण परळचं नाव जगात गेलं.

केईएमच्या भोवती गिरणगाव, आणि गिरणगावात आमचं अर्धं कोकण. एकेका गावाची एकेक खोली. पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस चाकरमानी, खानावळीचं जेवण, भिंतीवर गावदेवीची तसबीर. आम्हा कोकणी मुसलमानांच्या जमातींच्याही अशा खोल्या होत्या. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर खलाशी तिथे पाठ टेकत. गावाहून आजारी माणूस आला की त्याची पथारी तिथेच पडे. कुणी केसपेपर काढायला रांगेत उभा राही, कुणी रक्त द्यायला जाई, कुणी डबा पोचवी. बोस्टनमध्ये ज्याचं मंडळ झालं, ते आमच्याकडे नाव न घेता चालत होतं.

१९८७ साली आमच्या वॉर्डात दर रविवारी एक गिरणी कामगार यायचे. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली होती. माझी होणार होती तीच शस्त्रक्रिया त्यांची काही वर्षांपूर्वी झालेली. खाटेशी येऊन सदरा वर करायचे आणि डाव्या छातीखालून पाठीकडे गेलेला व्रण दाखवायचे. मला म्हणाले, “मरूक इलंस काय बरो होवक? बरो होवक इलंस ना? मगे भियां नको.” मग कामाचं सांगायचे. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर व्हायचं. घशात नळी असेल तेव्हा बोलता येत नाही, म्हणून तहान, दुखणं आणि लघवी यांच्या खुणा घरच्यांशी आधी ठरवून ठेवायच्या. डॉक्टरांनी मला शस्त्रक्रिया समजावली होती. शस्त्रक्रियेनंतरची सकाळ मला या काकांनी समजावली.

पण बोटाने उघडलेली झडप पुष्कळांची काही वर्षांनी पुन्हा आकसते. ती बदलायची तर हृदय थांबवून उघडावं लागतं. त्यासाठी लागणारं हृदय-फुप्फुस यंत्र जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. पुढे ऑरेगनमधले निवृत्त अभियंते लोवेल एडवर्ड्स कृत्रिम हृदय बनवण्याची कल्पना घेऊन तरुण शल्यविशारद अल्बर्ट स्टार यांच्याकडे गेले. स्टार म्हणाले, आधी एक झडप तर करून पाहू. एडवर्ड्स यांना लहानपणी हाच सांध्यांचा ताप येऊन गेला होता. पिंजऱ्यात चेंडू अशी त्यांची झडप. १९६० साली ती बसवलेला पहिला रुग्ण काही तासांत गेला. दुसरा दहा वर्षं जगला आणि शेवटी शिडीवरून पडून वारला.

परदेशी झडपेची किंमत आपल्या माणसाला झेपणारी नव्हती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप करायला घेतली. पहिले तीन नमुने चाचण्यांत फसले, चौथा टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ‘चित्रा’ झडप पहिल्यांदा माणसाला बसली. तेव्हापासून ती हजारो भारतीय छात्यांत टिकटिकते आहे.

झडपा दोन जातींच्या. यांत्रिक झडप सहसा जन्माला पुरते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते आणि रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. दुसरी प्राण्यांच्या ऊतींची. तिला सहसा ती गोळी जन्मभर लागत नाही, पण दहा, पंधरा, फार तर वीस वर्षांत ती झिजते, आणि तरुणपणी बसवली तर लवकर. ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते, म्हणून मूल हवं असलेल्या पुष्कळ तरुण स्त्रिया दुसरी जात घेतात आणि पुढची शस्त्रक्रिया त्याच दिवशी पत्करतात.

२००९ साली विजयदुर्गात राहून नियमित तपासण्या करणं कठीण, म्हणून मी ऊतींची झडप घेतली. ती डुकराची तरी असते किंवा गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणाची तरी. माझा जीव पहिल्या नावाने अवघडला, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा दुसऱ्या. डॉक्टर हसून म्हणाले, “मग भांडण कुठे आहे? एकमेकांत वाटून घ्या.” आमच्या मौलवीसाहेबांनी जीव वाचवायला दोन्ही चालतील असं सांगितलं, तोवर आमची वाटणी झालीही होती.

दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यासारखं नसतं. पहिल्या वेळी हृदय हाडामागे मोकळं असतं. नंतर ते आतून हाडाला चिकटतं आणि करवत चालवताना त्यालाच इजा होण्याचा धोका असतो. म्हणून आधी स्कॅन करून हृदय आणि हाड यांतलं अंतर पाहतात. गरज वाटली तर मांडीच्या रक्तवाहिन्यांतून यंत्राची जोडणी आधीच करतात. दातांची तपासणीही आधी, कारण किडक्या दातातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. काही रुग्णांत जुन्या झडपेच्या आत नवी झडप नळीवाटे बसवता येते. माझ्या बाबतीत ते जमणार नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. त्यांनी धोका आकड्यांत नीट सांगितला, काही लपवलं नाही. पण आकडा ऐकून घरी आल्यावर रात्र काढायची असते. तिचं काय करायचं, हे आकड्यात नसतं.

देवगड तालुक्यातल्या एका ताईंची छाती दोनदा उघडलेली आहे. मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “भाई, पयल्या येळाक सगळो गाव इल्लो. दुसऱ्या येळाक घोव आणि मी, बस.” हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या शस्त्रक्रियेला भीती असते, आणि भीतीला माणसं धावून येतात. दुसऱ्या वेळी घर थकलेलं असतं, रजा संपलेली, पैसे संपलेले, आणि सगळ्यांना वाटतं की याला काय, हा जाऊन आलेला आहे. म्हणून कोणत्या दिवशी कोण थांबणार हे आधीच कागदावर लिहून काढा, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विनाकारण रडू येईल, मन खचेल. त्याला घाबरू नका, डॉक्टरांना सांगा, ते दिवस सरतात. आणि आता यांत्रिक झडप घेणार असाल तर आपल्या निजानीज झालेल्या घरात ती टिकटिक ऐकू येईल. पहिले काही दिवस झोप लागणार नाही. मग कधीतरी तिच्याशिवाय झोप लागणार नाही. दोनदा जाऊन आलेल्या माणसाशिवाय हे मला कुणी सांगितलं असतं?

गिरण्या बंद पडल्या, गावाच्या खोल्या पांगल्या. आता पेशंट रेल्वेने थेट जातो, थेट परततो. योजनेतून खर्चाची सोय पुष्कळदा होते, पण सोबतीची होत नाही. ती ठरवून उभी करावी लागते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनातून उठलेल्या माणसांनाच पुढच्यांच्या मदतीला उभं केलं. मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली ‘व्ही केअर’ सुरू केलं. झडपेच्या रुग्णांसाठी आमच्या तालुक्यात आम्ही पाच जण आहोत. नाव नाही, नोंदणी नाही. एका वहीत पाच फोन नंबर आहेत. औषधाचा सल्ला द्यायचा नाही, हा नियम बोस्टनकरांचा घेतला आहे. गेल्या महिन्यात सहावा फोन आला, एका मुलीच्या वडिलांचा. मुलगी सतरा वर्षांची आहे.

विजयदुर्ग किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर वाघोटन खाडीत खडक कापून केलेली आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे. गलबतं तिथे दुरुस्तीला येत, समुद्रावर जात, पुन्हा येत. गलबत दुसऱ्यांदा गोदीत आलं म्हणजे ते कुचकामी ठरलं, असं कुठल्या तांडेलाने म्हटलं नसेल. ते चालतं आहे, वापरात आहे, म्हणूनच ते परत येतं.

पावसाळा सरला की मी मुंबईला जाणार आहे. तोवर त्या मुलीच्या घरी एक फेरी मारायची आहे. उशी, कुशीवर उठणं आणि हाताच्या खुणा एवढं तरी तिला जायच्या आधी कळायला हवं. तुमच्यापैकी ज्यांच्या छातीवर असा व्रण असेल, त्यांनीही आपल्या गावात कुणाला तारीख मिळाली आहे याची चौकशी करावी आणि एखाद्या रविवारी त्याच्या घरी जाऊन बसावं.