मापाचा शिक्का

इ.स. 1006 मध्ये मिस्रच्या आकाशात एकाएकी एक झगझगीत तारा उगवला. अली इब्न रिदवान तेव्हा कोवळ्या वयाचे विद्यार्थी होते. पुढे ते नामांकित हकीम झाले. टॉलेमीच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्यांनी नोंदवले की तो शुक्राच्या अडीच-तीन पट मोठा दिसत होता. आज आपण जाणतो, तो नवा तारा नव्हता. एका म्हाताऱ्या श्वेत बटू ताऱ्याचा तो स्फोट होता.

असा तारा का फुटतो, याचा धागा आमच्या पनवेलच्या खाडीपलीकडच्या मुंबई बंदरातून जातो. 1930 च्या जुलैअखेर 19 वर्षांचे चंद्रशेखर तिथून विलायतेच्या बोटीत बसले आणि वाटेत गणित मांडत गेले. श्वेत बटूच्या वजनाला मर्यादा असते. आज ती सूर्याच्या सुमारे 1.4 पट मानतात. जोडीदार ताऱ्याकडून वजन घेत बटू त्या मर्यादेशी आला की फुटतो. मर्यादा एक, तर झळाळीही जवळपास सारखीच, असे धरून शास्त्रज्ञांनी या स्फोटांना अंतर मोजण्याचे माप केले. 1998 मध्ये दोन गटांना दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसले. विश्व वाढत्या वेगाने पसरते आहे, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला 2011 चे नोबेल मिळाले.

पण बाजारातल्या मापावरही वरचेवर शिक्का मारून घ्यावा लागतो. अब्जावधी वर्षांपूर्वीचे माप आजच्याइतकेच होते, हे कोणी तपासले? काही तारे मर्यादेआधीच फुटतात, काही एकमेकांवर आदळून. सगळे एका साच्यातले नाहीतच.

पुण्याच्या आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांनी वेगळी शंका घेतली होती. सुपरनोव्हातूनच बाहेर पडलेली लोखंडाची सुईसारखी धूळ वाटेत प्रकाश खात असेल, तर मंदपणाला वेगवाढ कशाला हवी? बहुतेकांनी ते मानले नाही. आम्हांला मात्र त्यांचे प्रवाहाविरुद्ध उभे राहणे शास्त्राला साजेसे वाटते.

20 मे 2025 रोजी ते गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोलच्या योन्सेई विद्यापीठातील यंग-वूक ली यांच्या गटाने दावा केला, की तरुण ताऱ्यांच्या वस्तीतले स्फोट, नेहमीच्या दुरुस्त्या करूनही, मंदच भरतात; आणि दूरचे, म्हणजे जुन्या काळचे, स्फोट तर तरुण वस्तीतलेच. ही तफावत वजा केली, तर विश्वाचा वेग आज मंदावतो आहे, असे ते म्हणतात. इतर अनेकांना हे अमान्य आहे. या दाव्याने नारळीकरांची धूळही खरी ठरत नाही. इथे दोष वाटेचा नाही, दिव्याचाच आहे.