मॅटलॅबला बीजगणित कोणी शिकवले?

१/ २ चे वर्गमूळ काढून त्याचा पुन्हा वर्ग केला, तर उत्तर २ च यावे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. संगणकाच्या नेहमीच्या दशांश गणनेत मात्र ते २.०००००००००००००००४ येते. या सूक्ष्म तफावतीमागे गणनाच्या दोन परंपरांचा इतिहास आहे.

२/ पहिली परंपरा संख्यांची. उत्तर ठरावीक अंकांपुरतेच ठेवायचे. त्या मोबदल्यात वेग मिळतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी याच परंपरेत मॅटलॅब रचले. विद्यार्थ्यांना फोरट्रानमध्ये आज्ञावली न लिहिता मॅट्रिक्सची गणिते करता यावीत, हा त्यांचा हेतू होता. १९८४ मध्ये त्याभोवती मॅथवर्क्स ही कंपनी उभी राहिली.

३/ दुसरी परंपरा चिन्हांची. येथे √२ हे √२ च राहते आणि ‘क्ष’ला किंमत न देताही समीकरण सुटते. १९६८ मध्ये एमआयटीत ‘मॅकसिमा’चे, तर १९८० मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात ‘मेपल’चे काम सुरू झाले.

४/ अभियंत्यांना दोन्हींची गरज होती: आधी सूत्र चिन्हांत सोडवायचे, मग त्यात आकडे भरायचे. १९९० च्या दशकात मॅटलॅबला ‘सिम्बॉलिक मॅथ टूलबॉक्स’ची जोड मिळाली. तिच्यातील बीजगणित मात्र मॅटलॅबचे स्वतःचे नव्हते. आत मेपलचा गाभा काम करीत होता.

५/ २००८ मध्ये हा गाभा बदलला. जर्मनीतील पाडरबॉर्न विद्यापीठात ‘म्यूपॅड’ ही प्रणाली घडली होती. तिची एक आवृत्ती २००५ पर्यंत शिक्षण-संशोधनासाठी विनामूल्य मिळे. मॅथवर्क्सने म्यूपॅडची सायफेस ही कंपनी विकत घेतली. मेपलच्या जागी म्यूपॅड आले आणि स्वतंत्र उत्पादन म्हणून ते बाजारातून नाहीसे झाले. २०२० मध्ये त्याची नोटबुकही मॅटलॅबमधून काढली गेली. गाभा तेवढा आत राहिला.

६/ मॅटलॅबशी मिळतीजुळती मुक्तस्रोत प्रणाली म्हणजे ऑक्टेव्ह. तिच्या ‘सिम्बॉलिक’ पॅकेजनेही बीजगणित उसनेच घेतले, ते पायथनमधील ‘सिमपाय’कडून. फरक मालकीचा आहे. सिमपायची संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते. ती विकत घेऊन इतरांसाठी बंद करता येत नाही.

७/ आज मॅटलॅबमध्ये चिन्हरूपाने विचारल्यास √२ चा वर्ग नेमका २ येतो. हे ज्ञान पाडरबॉर्नच्या एका विद्यापीठातून तेथवर पोहोचले, हे त्या उत्तरात कोठेही दिसत नाही. ते जपण्याचे काम इतिहासाचे.