रित्या दालनांचा चित्रकार

कोपनहेगन येथील शार्लोटेनबोर्ग राजवाड्यांत भरणाऱ्या वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं १८८८ सालीं विल्हेल्म हॅमरशॉय या तरुणाचें एक चित्र परत पाठविलें. चित्रांत एक मुलगी मान खालीं घालून शिवीत बसली आहे. याहून अधिक कांहीं घडत नाहीं. १८९० सालीं त्याच्या दुसऱ्या चित्राचीही तीच वाट लागली. परीक्षकांच्या अशा कारभाराला विटलेल्या कलावंतांनीं १८९१ सालीं आपलें स्वतंत्र ‘मुक्त प्रदर्शन’ उभारलें. इतक्या अबोल चित्रांनीं एवढें बंड घडवावें, याची आम्हांस मौज वाटते.

१८९८ पासून १९०९ पर्यंत हा चित्रकार पत्नी ईडा हिच्यासह ‘स्ट्रांडगाडे ३०’ या सतराव्या शतकांतील घरीं राहत होता. तेथील दालनांचीं त्यानें साठांहून अधिक चित्रें काढलीं. उघडीं दारें, त्यांपलीकडे आणखी दारें, राखी रंगाच्या भिंती. क्वचित् पाठमोरी ईडा. १९०० सालच्या एका चित्रांत तर तीही नाहीं: खिडकींतून आलेल्या तिरप्या किरणांत धूळ तेवढी तरंगते आहे. हें पाहून कित्येकांना वैराग्य आठवतें. आम्हांस तें पटत नाहीं. एकाच खोलींतील मेज वा पियानो एका चित्रांत असतो, दुसऱ्यांत नसतो. म्हणजे हा रितेपणा घराचा नव्हे, चित्रकारानें जाणून बुजून निवडलेला आहे. संसार टाकणारा मनुष्य आपल्याच घराच्या भिंतींकडे अकरा वर्षें इतक्या मायेनें पाहत बसेल काय?

घराबाहेरही त्याची दृष्टि तीच. लायर गांवाजवळील माळ असो वा राजधानींतले वाडे असोत, माणूस दिसत नाहीं. १९०२ सालीं त्यानें आपल्या घरासमोरील एशियाटिक कंपनीच्या जुन्या इमारती रंगविल्या, आणि येथें आम्हां हिंदी वाचकांचें पाऊल अडखळतें. १७३२ सालीं निघालेल्या या कंपनीचा व्यापार तरंगंबाडीशीं चाले. तें बंदर डेन लोकांना १६२० सालीं तंजावरच्या नायकाकडून मिळालें होतें. पुढें तंजावरास मराठ्यांचें राज्य आलें. सरफोजीराजांचा गुरु श्वार्ट्झ १७५० सालीं प्रथम कामास लागला तो तरंगंबाडीच्याच मिशनांत. १८४५ सालीं डेन लोकांनीं तें ठाणें इंग्रजांस विकून टाकलें. चित्रांतली शांतता ही अशा उठून गेलेल्या पेढीची शांतता आहे. तिच्यांत चित्रकारानें ना गौरव भरला, ना खेद. फक्त धुकट उजेड ठेवला.

१९१३ सालीं तो त्या जुन्या इमारतींतच बिऱ्हाड करून राहिला, आणि १९१६ सालीं वारला. पुढें बरींच वर्षें त्याचें नांव मागें पडलें होतें. २००८ सालीं लंडनच्या रॉयल अॅकॅडमींत त्याचें मोठें प्रदर्शन भरलें, व त्याच वर्षीं तोकियोंतही.